गार्ड व्हायचंय की गाईड? मराठवाड्याच्या रानात कामाला लागणाऱ्यांसाठी

वनरक्षक भरतीची जाहिरात निघाली की गावोगावची पोरंपोरी पहाटे डांबरी रस्त्यावर पळायला लागतात. बहुतेकांच्या डोक्यात ताडोबा असतो: उघडी जिप्सी, समोर वाघ आणि अंगावर खाकी. नेमणूक होते पाटोद्याच्या डोंगरात, भूमच्या माळावर नाहीतर कन्नडच्या घाटात. तिथं पहिल्या आठवड्यात वाघ दिसत नाही. रोह्यांनी (नीलगायींनी) तूर खाल्ली म्हणून चिडलेला शेतकरी मात्र दारात येऊन उभा राहतो.

मराठवाड्यात जंगल थोडं आणि तेही तुकड्यातुकड्यांत आहे. कन्नडजवळचं गौताळा-औट्रमघाट, पैठणचं जायकवाडी पक्षी अभयारण्य, बीड जिल्ह्यातलं नायगाव मयूर अभयारण्य, धाराशिवजवळचं येडशी रामलिंग घाट ही नावं ओळखीची. खरंखुरं सागवानी जंगल बघायचं तर नांदेडला किनवट-माहूरकडे जावं लागतं. पैनगंगा ओलांडली की यवतमाळच्या बाजूला पैनगंगा अभयारण्य. बाकी सगळा माळ, बरड, गायरान आणि शेताच्या बांधाला टेकलेली वनजमीन. काळवीट, लांडगा, खोकड, तडस आणि रोही यांचं घर शेतकऱ्याच्या शिवारातच आहे. म्हणून इथलं निम्मं काम प्राण्यांशी आणि निम्मं माणसांशी असतं. माणसांशी बोलायचा कंटाळा असेल तर या वाटेला न आलेलं बरं.

आधी दार निवडा

खात्यात शिरायची तीन दारं आहेत. सर्वांत खालचं आणि सर्वांत जास्त जागांचं दार वनरक्षकाचं. वनरक्षकाकडे एक नियतक्षेत्र असतं, त्याला सगळे बीट म्हणतात. काही बीटांचा मिळून राउंड होतो, तो वनपालाकडे. राउंडांची मिळून रेंज, ती वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे. त्यांना गावात ‘रेंजरसाहेब’ किंवा ‘आरएफओ’ म्हणतात. त्यांच्या वर सहायक वनसंरक्षक आणि उपवनसंरक्षक. रेंजर आणि सहायक वनसंरक्षक या जागा एमपीएससीच्या वनसेवा परीक्षेतून भरतात, ते दुसरं दार. तिसरं भारतीय वनसेवेचं, ते यूपीएससीकडे, आणि तिचं प्रशिक्षण डेहराडूनला.

चौथं दार खात्याबाहेरचं: निसर्ग मार्गदर्शक, पक्षी अभ्यासक, सर्वेक्षणाला जाणारा क्षेत्र सहायक. त्याबद्दल पुढे बोलू.

वनरक्षकासाठी बारावी लागते आणि बारावीला विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी निदान एक विषय असावा लागतो. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावी चालते. २०२३च्या भरतीत खुल्या गटाला वयोमर्यादा १८ ते २७ होती, मागास प्रवर्गांना ५ वर्षं जास्त. लेखी परीक्षा १२० गुणांची: मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन, प्रत्येकी ३०. उंची पुरुषांना १६३ सेंमी, महिलांना १५० सेंमी. अनुसूचित जमातीला त्यात सवलत. पुरुषांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ८४ सेंमी. धावणं पुरुषांना ५ किमी, महिलांना ३ किमी. अटी भरतीगणिक बदलू शकतात, त्यामुळे जाहिरातीची पीडीएफ स्वतः वाचा. क्लासवाल्याच्या फळ्यावरून उतरवून घेऊ नका.

पोरं धावण्याची तयारी करतात आणि चालण्याची विसरतात. शेवटी चालण्याची चाचणी असते: पुरुषांना ४ तासांत २५ किमी, महिलांना ४ तासांत १६ किमी. ऐकायला सोपं वाटतं. २५ किमी म्हणजे तासाला सव्वासहा, तेही न थांबता, ऊन डोक्यावर आलं तरी. त्यासाठी दोन महिने आधीपासून आठवड्यातून एकदा लांब पल्ला चाला, आणि ज्या बुटांत चाचणी देणार तेच बूट आधी पायात रुळवून घ्या. नवे कोरे बूट घालून आलेली पोरं पंधराव्या किलोमीटरला फोड आल्याने लंगडताना दरवेळी दिसतात.

अभ्यासाबाबत एकच इशारा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा असला तरी २०२२च्या दुरुस्तीने त्याच्या अनुसूची, म्हणजे संरक्षित प्राणी-वनस्पतींच्या याद्या, बदलल्या. सहाच्या चार झाल्या आणि १ एप्रिल २०२३पासून त्या लागू झाल्या. जुन्या गाईडबुकात अजून सहाच छापलेल्या सापडतात.

पगाराचं विचारता म्हणून: वनरक्षकाची वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपये, वर भत्ते. गावाकडच्या हिशोबाने बरा आहे, पण पगारासाठी येणाऱ्याने पोलीस भरतीचाही फॉर्म भरून ठेवावा.

रुजू झाल्यावर पहिला महिना

चार्ज घेताना कागदावर सही करायच्या आधी सगळ्या बीटाची सीमा पायी फिरा. जुन्या वनमजुराला सोबत घ्या. साहेब बदलतात, गार्ड बदलतात, वनमजूर मात्र वीस-वीस वर्षं त्याच रानात असतो. कोणता सीमा बुरूज कुणी उपटून बांधाला लावलाय हे त्याला पाठ असतं. त्याला ‘मामा’, ‘काका’ म्हणा, जे गावात चालतं ते. अरे-तुरे करणाऱ्या नव्या गार्डाला मामा रान दाखवतो, पण सगळं दाखवत नाही.

फिरताना तीन गोष्टी डायरीत उतरवा: कक्ष क्रमांकानुसार (कक्ष म्हणजे नकाशावर पाडलेला वनाचा तुकडा) पाणी कुठं आहे आणि कोणत्या महिन्यात आटतं, ताजे तोडलेले खुंट कुठं आहेत, आणि अतिक्रमण कुठवर आलंय. चार्ज घेतल्यावर सापडलेला प्रत्येक खुंट तुमच्या नावावर, आधीचा आधीच्याच्या. म्हणून जुने खुंट चार्ज यादीत लिहून घ्यायचे, त्यात संकोच करायचा नाही.

मग माणसं. सरपंच, पोलीस पाटील, संयुक्त वन व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष, पशुवैद्यकीय डॉक्टर, तलाठी आणि कृषी सहायक यांचे नंबर मोबाईलमध्ये हवेत. पण खरी खबर देतात मेंढपाळ. धनगराचा वाडा माळावर कुठं बसलाय हे माहीत असेल तर लांडग्याची पिल्लं कोणत्या ओढ्याच्या कपारीत आहेत हेही कळतं. तांड्यावर जा, चहा घ्या, घाईत उठू नका. पहिल्या भेटीत पावती फाडायची भाषा केली तर पुढं वर्षभर कुणी काही सांगणार नाही.

ठसे आणि पंचनामा

हे सावकाश वाचा, कारण मराठवाड्यात वनरक्षकाची लाज किंवा इज्जत इथंच ठरते.

सकाळी फोन येतो: “साहेब, बिबट्यानं शेळी मारली.” फोनवर हो-नाही काही म्हणू नका, जा. आणि आधी सांगा की मेलेलं जनावर हलवू नका, भोवती गर्दी करू नका. गर्दी झाली की ठसे गेले.

मार्जारकुळातला प्राणी चालताना नखं आत ओढून घेतो, त्यामुळे बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन उंचवटे दिसतात. कुत्रा, लांडगा, तडस यांच्या ठशात नखं उमटतात. तडसाचे पुढचे पंजे मागच्यांपेक्षा स्पष्ट मोठे. लांडगा आणि मोठा गावठी कुत्रा यांचे ठसे फक्त एका ठशावरून वेगळे काढू नका. लांडग्याची वाट सहसा सरळ रेषेत जाते, कुत्रा इकडेतिकडे हुंगत भरकटतो. ठशाशेजारी पट्टी किंवा पेन ठेवून वरून उभा फोटो काढा.

मग जनावर पाहा. बिबट्या बहुधा गळा धरतो. कातडी बाजूला केली की सुळ्यांची भोकं आणि आत रक्त साकळलेलं दिसतं. अनेकदा तो शिकार ओढत नेतो, तो ओढल्याचा माग शोधा. लांडगा मांड्या आणि पोट धरतो, आणि छोटं जनावर उचलून नेतो. मोकाट कुत्र्यांनी मारलं असेल तर अंगभर वेडेवाकडे चावे असतात, चार-पाच मेंढ्या मारून पडलेल्या आणि खाल्लेलं जवळजवळ काही नाही. हा फरक महत्त्वाचा, कारण बिबट्या, लांडगा, तडस यांनी मारलं तर वन विभाग भरपाई देतो, कुत्र्यांनी मारलं तर नाही. शेतकऱ्याला ‘बिबट्या’ लिहून हवं असतं. समोर खरंच बिबट्या नसेल तर लिहू नका, पण ‘नाही’ म्हणताना शेळीच्या मालकिणीच्या डोळ्यात पाणी असतं हेही लक्षात ठेवून बोला. आणि लांडगा असेल तर नुसत्या संशयावर कुत्रा लिहून हात झटकू नका. बऱ्याच ठिकाणी असंच होतं आणि मग तिथला मेंढपाळ पुढच्या खेपेला खात्याला फोन करत नाही, मढ्यावर थिमेटसारखं विषारी कीटकनाशक टाकतो. त्या एका मढ्यावर लांडगा, तडस, घार, कावळे सगळे मरतात.

पंचनाम्यावर पंचांच्या सह्या त्याच जागी घ्या. पशुवैद्यकीय डॉक्टरचा दाखला, जनावराची बाजारभावाने किंमत, आधार, बँक पासबुक. पिकाचं नुकसान असेल तर सातबारा आणि कृषी सहायक-तलाठ्यासह संयुक्त पंचनामा. तक्रारीला मुदत असते आणि ती फार थोडी असते, म्हणून शेतकऱ्याला आधीच गावसभेत सांगून ठेवा. खात्याचा हेल्पलाईन नंबर १९२६ शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्या.

विहीर, ऊस आणि व्हॉट्सअॅप

कठडा नसलेल्या विहिरी मराठवाड्यात पावलोपावली. त्यात काळवीट पडतं, रोही पडतो, कधी बिबट्या. बिबट्या पडला तर आधी मोटार बंद करायला सांगा, पाण्यावर टेकायला दोरांनी बाज सोडा, आणि गर्दी हटवा. पिंजरा किंवा शिडी, काय वापरायचं ते रेंजर आणि बचाव पथक ठरवेल. बहुतेक वेळा अवघड काम बिबट्याचं नसतं, काठावर मोबाईल धरून वाकलेल्या तीनशे लोकांचं असतं. पोलिसांना लवकर बोलवा.

हरणाबाबत वेगळंच लक्षात ठेवायचं. काळवीट विहिरीतून जिवंत निघतं आणि पुष्कळदा नंतर मरतं. पाठलाग, आरडाओरडा, धरपकड यांच्या धसक्याने त्याचे स्नायू आणि हृदय जाम होतात. डोळ्यावर कापड टाका, पाय धरून ठेवायचा वेळ कमीत कमी ठेवा, फोटोसाठी थांबू नका, लगेच मोकळं सोडा.

गोदाकाठच्या उसात तोडणी चालू असताना बिबट्याची पिल्लं सापडतात. तोडकऱ्यांची लेकरं ती उचलून कोपीवर (झोपडीवर) आणतात. पिल्लं परत नेमक्या त्याच जागी ठेवायची, हातात हातमोजे, आणि रात्री तिथं माणूस नको. आई बहुधा येऊन नेते. पिल्लं ऑफिसात आणून ‘जीव वाचवला’ म्हणून बातमी छापून आणायची हौस काहींना असते. आई मात्र त्या रात्री उसात फिरत राहते आणि गाव भीतीने जागं राहतं.

सापांचं थोडक्यात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार ओळखता आलेच पाहिजेत. फुरसं दगडाखाली असतं आणि आपल्या खडकाळ भागात भरपूर. चप्पल घालून गस्तीला जाऊ नका. चावलं तर आवळून दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, अवयव न हलवता सरळ प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी दवाखान्यात.

पितळखोऱ्यासारख्या लेण्यांच्या कड्याला आग्या मोहोळ असतात. धूर, अत्तर, दगड मारणारी पोरं यांमुळे ती उठतात. तिथं गस्तीला किंवा पर्यटकांना घेऊन जाल तर पळायची वाट आधी पाहून ठेवा.

वर्षाचा फेरा

पावसाळ्यात रोपवन: खड्डे, रोपं, मस्टर, मजुरांची हजेरी. समतल चर कुठं भरले, कुठं फुटले ते बघणं. इथं माझं एक मत आहे. आपल्याकडे माळ म्हणजे पडीक जमीन समजतात आणि त्यावर गिरिपुष्प किंवा कसलीही झाडं लावून टाकतात. माळावर कुसळी, पवन्या, मारवेल यांसारखं गवत वाढतं. त्यात चंडोल, धाविक, पखुर्डी हे पक्षी राहतात, हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी येतात, आणि काळवीट-लांडगा त्याच गवतावर जगतात. माळावर झाडांचं लक्ष्य आलं तर निदान राउंडला लेखी सुचवा की इथं गवताचं रोपवन घ्यावं. ऐकलं जाईलच असं नाही, पण कागद फाइलला लागतो.

हिवाळा नोंदींचा. दर चार वर्षांनी देशभर व्याघ्र गणना होते, तिच्यात वाघ नसलेल्या बीटातही काम असतं: ठरलेल्या वाटांवर चालून मांसाहारी प्राण्यांच्या खुणा, आणि २ किमीच्या सरळ रेषेवर तृणभक्षी मोजायचे. सगळं मोबाईल ॲपवर, त्यामुळे पॉवर बँक जवळ ठेवा. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ. त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत-पाला काढून मोकळे केलेले पट्टे, झाल्याच पाहिजेत. उपग्रहाने आग टिपली की मोबाईलवर संदेश येतो, पण तोवर बरंच जळलेलं असतं. गुराख्याचा फोन लवकर येतो. किनवटकडे मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात, इतरत्र नवं गवत लवकर फुटावं म्हणून माळ पेटवतात. मोहाखाली पाला झाडून घ्यायला गावाला आधी पटवलं तर निम्म्या आगी लागतच नाहीत. आग विझवायला कधीही एकटं उतरायचं नाही, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहायचं नाही, आणि अंगात नायलॉनचा टी-शर्ट नको, सुती हवा.

एप्रिल-मेमध्ये पाणवठे. टँकरने पाणी भरायचं तर टाकीचा काठ उतरता ठेवा, म्हणजे पिलू पडलं तरी बाहेर येतं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राणी मोजण्याचा कार्यक्रम होतो. हौशी मंडळी येतात, डबे आणतात, बोलतात, आणि मग काही आलं नाही म्हणून नाराज होतात.

गुन्हा दाखल करताना

मांडूळ पैशाचा पाऊस पाडतं, खवल्या मांजराचे खवले लाखाला जातात, अशा अफवांवर तस्करी चालते. मोर, काळवीट, बिबट्या, लांडगा हे सगळे पहिल्या अनुसूचीत. त्यांच्या शिकारीला ३ ते ७ वर्षं कैद. पीओआर (प्राथमिक गुन्हा अहवाल) फाडताना वेळ, जागा, कक्ष क्रमांक आणि जप्त मालाचं वर्णन एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहा. जप्त माल पंचांसमोर सील करा. खटला पाच-सात वर्षांनी उभा राहतो, तेव्हा तुमची बदली झालेली असते आणि वकील फक्त कागद बघतो. एकट्याने, तेही रात्री, हत्यारबंद टोळीसमोर जायचं नाही. गाडीचा नंबर आणि दिशा कळवली तरी काम होतं.

गाईड किंवा अभ्यासक व्हायचं असेल तर

मराठवाड्यात वाघ दाखवून चालणारी सफारी नाही. त्यामुळे फक्त गाईडगिरीवर घर चालवायचा हिशोब सुरुवातीला मांडू नका. जायकवाडीला नोव्हेंबर ते फेब्रुवारी काम असतं. तिथला नाथसागर जलाशय उथळ आहे, पाणी उतरत गेलं की चिखल उघडा पडतो आणि तिथं पक्षी उतरतात: रोहित, चक्रवाक, पट्टकादंब, थापट्या, चमचे. संभाजीनगरहून वेरूळ-अजिंठ्याला येणारे लोक एक दिवस राखून ठेवतात, ते तुमचे ग्राहक. उरलेल्या महिन्यांत शाळांच्या सहली, ग्रामपंचायतींच्या जैवविविधता नोंदवह्या, संस्थांची सर्वेक्षणं. शेती किंवा दुकान सोडू नका.

शिकायचं कसं? एक जागा निवडा. गावाजवळचं तळं, गायरान, काहीही. तिथं वर्षभर आठवड्यातून एकदा त्याच वाटेने चाला आणि तारीख, वेळ, हवा, काय दिसलं, किती दिसलं ते लिहा. ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर पक्ष्यांच्या याद्या टाका, झाडं-किडे ‘आयनॅचरलिस्ट’वर. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पक्षी आणि इतर विषयांचे ऑनलाईन अभ्यासक्रम घेते, ते नोकरी करताकरता होतात. पदवीच करायची असेल तर बीएस्सी वानिकी अकोला आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांत आहे. पक्ष्यांची मराठी नावं पुस्तकातली शिका, आणि भोई, मेंढपाळ काय म्हणतात तीही लिहून ठेवा. पर्यटकाला पहिली सांगा, माहिती मिळवायला दुसरी वापरा.

पैसे आधी ठरवा, आणि नावाड्याचे वेगळे द्यायला लावा. नाव थव्यात घुसवून पक्षी उडवायला सांगणारा फोटोग्राफर भेटेलच. सरळ नाही म्हणा. घरट्यांची आणि लांडग्याच्या गुहांची जागा कुणालाच सांगू नका, कितीही मोठी लेन्स असली तरी. अभयारण्यात परवानगीशिवाय आत जायचं नाही, ड्रोन उडवायचं नाही. परवानगी वन्यजीव विभागाच्या कार्यालयात मिळते. जलाशयाच्या काठी गाळपेर (पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) करणारे शेतकरी आणि मासेमार असतात. त्यांच्या पिकातून पर्यटकांची रांग नेली तर दुसऱ्या दिवशी वाट बंद.

आणि वाघ आला तर

कारण तो कधीमधी येतो. २०१९मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला, रेडिओ कॉलर लावलेला वाघ आदिलाबाद, नांदेड, हिंगोली करत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. २०२१मध्ये टिपेश्वरचाच एक गौताळ्यात दिसला. २०२४च्या डिसेंबरात येडशीच्या कॅमेऱ्यात वाघ आला, तोही टिपेश्वरचा. म्हणजे अशी खबर हसण्यावारी नेता येत नाही.

व्हॉट्सअॅपवर फोटो आला तर आधी फोटो कुठला आहे ते पाहा; दहातले नऊ जुने आणि दुसऱ्या राज्यातले असतात. पाठवणाऱ्याला फोन करून स्वतः पाहिलंय का ते विचारा. मग जागेवर जा, दोघांनी. ठसा वाघाचा वाटला तर मोजा, झाकून ठेवा, रेंजरला कळवा, आणि त्या वाटेवर कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या उंचीवर लावा. गावात सांगायचं ते एवढंच: पहाटे आणि अंधार पडल्यावर एकट्याने शेतात जाऊ नका, परसाकडला जाताना बॅटरी न्या, जनावरं गोठ्यात बांधा, रात्रीची मोटार चालू करायला जाताना आवाज करत जा. महावितरणला लिहून त्या भागाला काही दिवस दिवसा वीज मागा. रात्रीच्या पाळीला पाणी देणारा शेतकरी सर्वांत जास्त धोक्यात असतो. नेमकी जागा पत्रकाराला नाही, सरपंचालाही नाही. कॅमेऱ्याचं कार्ड रोज सकाळी बदला आणि ते थेट रेंजरच्या हातात द्या.